मुन्सफसाहेबांचे बेलीफ

वाघमारे बेलीफ सकाळी दवाखान्यात आले, की नमस्काराच्या आधी माझ्या टेबलावर काडेपेटी ठेवत. काडेपेटीला खळीनं कागद चिकटवलेला, कागदावर दोन पंचांच्या सह्या आणि वर टपोऱ्या अक्षरांत मजकूर : 'मुद्देमाल नंबर तीन. शिरस्तेदार यांची विष्ठा. वेळ सकाळी सहा. रंग संशयास्पद.'

"बाई, दाखल करून घ्या," ते म्हणत, आणि मी पोच दिल्याशिवाय हलत नसत.

शिरस्तेदार ही टर्की होती. हे आधीच सांगितलेलं बरं.

मी जनावरांच्या दवाखान्यात व्रणोपचारक होते. नाव भारदस्त आहे. काम म्हणजे जखमा धुणे, पट्ट्या बांधणे, औषधं मोजून देणे आणि डॉक्टर जागेवर नसले तर त्यांच्या वाटच्या शिव्या खाणे. नवरा याच खात्यात होता, तो गेल्यावर त्याच्या जागी मला घेतलं. तेव्हापासून शेणाचं मला वावडं राहिलं नव्हतं. कोणी शेण फडक्यात आणी, कोणी पळसाच्या पानावर, कोणी नुसतंच हातानं दाखवी की 'एवढं झालं बघा.' पण सीलबंद करून पंचनाम्यासह आणणारा माणूस मी एकच पाहिला. एकदा सुया उकळायला स्टो पेटवायचा म्हणून घाईत टेबलावरची काडेपेटी उघडली आणि हाती शिरस्तेदारांचा मुद्देमाल आला. त्या दिवसापासून मी स्वतःची काडेपेटी कमरेला बाळगू लागले.

आमचं गाव उदगीरहून जळकोटकडे जाताना लागतं. वाघमारे बेलीफ माझ्या समोरच्या घरात राहत. सगळी नोकरी दिवाणी कोर्टात समन्स बजावण्यात गेली. बायको वारली होती, मुलगी तिकडे आदिलाबादच्या बाजूला दिलेली. माणूस काटकुळा, उंच, आणि उन्हाळ्यातसुद्धा काळा कोट. कोर्ट सुटलं होतं, पण कोर्टाची भाषा सुटली नव्हती. भाजीवाली आली नाही तर ती 'गैरहजर.' दूध नासलं तर 'अर्ज फेटाळला.' आणि कुठल्याही भांडणात, अगदी दोन कुत्र्यांच्यासुद्धा, त्यांचं एक ठरलेलं वाक्य : "दोन्ही बाजू ऐकल्याबगैर निकाल न्हाई."

दार वाजवायची त्यांची एक तऱ्हा होती. तीनदा कडी वाजवायची आणि लगेच डावीकडे सरकून भिंतीला लागायचं. दार उघडणाऱ्याला समोर कोणी दिसतच नसे. मग बाजूनं आवाज येई, "बाई, मी हाय." समन्स घेऊन गेलं की लोक कधी पाणी फेकत, कधी कुत्रं सोडत, कधी नुसतंच तोंड सोडत, त्यातून ही सवय लागलेली. उंबरा ते कोणाचाच ओलांडत नसत. दवाखान्यात तेवढे आत येत, कारण ती सरकारी इमारत.

आता टर्की. लातूर जिल्हा नवा झाला होता, आणि पाऊस बहुधा जुन्याच जिल्ह्यात राहून गेला होता, कारण आमच्याकडे तो यायचा बंद झाला. गुरं छावणीत गेली, दवाखान्यापुढचा जनावरं अडकवायचा लोखंडी खोडा ओस पडला. अशात कुठल्याशा योजनेतून गावात टर्कीची सात पिल्लं आली. चारा नको, जागा थोडी, जोडधंदा चांगला, असं सांगणारं पत्रकही बरोबर होतं. शेतकऱ्यांनी ती पिल्लं पाहिली, त्यांच्या बोडक्या माना पाहिल्या आणि विचारलं, "हे आधीच सोललेलं हाय का?" कोणी घेईना. दवाखान्याच्या व्हरांड्यात पिल्लं दोन दिवस चिवचिवत राहिली. तिसऱ्या दिवशी वाघमारे बेलीफ आले आणि म्हणाले, "बेवारस माल दिसून राहिला. ताबा घेतो."

त्यांनी सगळ्यांना कोर्टातल्या जागा दिल्या. नाझर, शिरस्तेदार, पेशकार, चोपदार. दोन माद्या, त्यांची नावं अपील आणि फिर्याद. आणि सगळ्यांत मोठा नर, छाती काढून चालणारा, गळ्याखाली लाल लोळी लोंबणारा, तो न्यायाधीश, म्हणजे मुन्सफसाहेब. गल्लीत कोणी शिंकलं, की मुन्सफसाहेब मान ताणून गुळगुळगुळ असा जबरदस्त आवाज काढत. "सुमोटो दखल घेतात," बेलीफ कौतुकानं सांगत. मुन्सफसाहेब अंगणात असेपर्यंत ते स्वतः कधी खाली बसत नसत. मी एकदा म्हटलं, "काका, कोंबडा आहे तो. बसा की." ते म्हणाले, "बाई, सवय हाय. साहेबासमोर बसलो तर गुडघे दुखतात."

अंगणाला बाभळीच्या काट्यांचं कुंपण होतं आणि मध्ये पाण्याची दगडी डोणी. दुष्काळात पाणी टँकरचं, घागरीला घागर लागून भांडणं होत. पण बेलीफ आपल्या वाटच्या पाण्यातलं आधी डोणीत ओतत, मग माठात. ही बातमी गल्लीतल्या कोंबड्यांना माणसांच्या आधी कळली.

शिरस्तेदार मेले तेव्हा मुद्देमाल नंबर सहापर्यंत गेला होता. विष्ठा गंधकासारखी पिवळी, पंख लोंबलेले, डोळे मिटलेले, आणि एक दिवस सकाळी पाय वर. बेलीफांनी रीतसर पंचनामा केला. पंच म्हणून एक सही माझी, दुसरी माझ्या शेजारच्या रझियाबीची. त्या सहीच्या वेळी तिचा नवरा म्हणालाही, "कोंबडीच्या मौतीत गवाही देऊ नको, उद्या मटणाला बोलावतील." मला कामं होती. मी कागद न वाचता सही केली. पुढेही न वाचताच करत राहिले. हे ध्यानात ठेवा.

आमचे डॉक्टर तरुण, कोल्हापूरकडचे, कामाचा माणूस. त्यांनी शिरस्तेदार टेबलावर घेऊन उघडले. काळजावर नाण्याएवढे गोल गोल डाग, आतड्याच्या आंधळ्या टोकांत वाळल्या चक्क्यासारखा घट्ट गोळा. डॉक्टरांनी बेलीफांना समजेल असं सांगितलं : डोळ्याला न दिसणारा एक जीव असतो. तो कोंबडीच्या पोटातल्या बारीक जंतात राहतो, जंताच्या अंड्यातून विष्ठेत उतरतो, तिथून मातीत. कोंबडीला त्याचं फारसं काही होत नाही. टर्कीनं मात्र ती माती टिपली की तिचं काळीज पोखरतं.

बेलीफांनी हात जोडून ऐकून घेतलं. "म्हणजे आरोपी कोंबडीच्या घरी भाड्यानं राहतो."

"तसंच समजा. त्यामुळे औषध दुसऱ्या नंबरला. पहिलं म्हणजे कोंबड्या आवारात येता कामा नयेत."

"अन् औषध?"

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. माणसाला आव पडली की देतात त्याच जातीच्या, जहर कडू. कुटून पाण्यात द्यायच्या. बेलीफांनी गोळ्या कपाळाला लावल्या आणि घरी जाऊन दुसऱ्या पक्षाचा वकील गाठला. म्हणजे कुडा. कुड्याची साल आवेवर चालते हे आमच्याकडे पोराटोराला ठाऊक. कुडा आमच्या माळावर नाही, माहूरच्या डोंगरात आहे. गावातून रेणुकेला कोणीही निघालं की बेलीफ त्याच्या दारात : तीन टकटक, डावीकडे सरकणं, "येताना साल आणा, प्रसाद नको." आठवड्यात त्यांच्या ओसरीवर साल चुलीच्या लाकडांसारखी रचली गेली.

"दोन्ही बाजू ऐकल्याबगैर निकाल न्हाई," ते मला म्हणाले आणि टर्कींची वाटणी केली. नाझर आणि अपील गोळीच्या बाजूला. पेशकार, चोपदार आणि फिर्याद कुड्याच्या काढ्यावर.

"आणि मुन्सफ?"

"काय बोलता बाई! मुन्सफानं एका बाजूचं औषध घ्यावं? त्यांनी तटस्थ राहायचं."

औषध पाजणं हे दोन माणसांचं काम. एकानं पंख काखेत दाबायचे, दुसऱ्यानं चोच उघडून चमच्यानं ओतायचं. मी ओतायची. गोळी पाजली की नाझर माझ्या तोंडावर थुंकत, काढा पाजला की पेशकार. कडूपणात दोन्ही पक्ष बरोबरीला आहेत, एवढं माझ्या जिभेवरून मी शपथेवर सांगू शकते. बेलीफ रोज दोन्ही बाजूंच्या काडेपेट्या आणत आणि दवाखान्यातल्या माझ्या खिडकीत दोन ओळी लावत. कधी ही ओळ सुधारे, कधी ती. सुधारलं की चार दिवसांत पुन्हा पिवळं. मग चोपदार गेले. पुन्हा पंचनामा, पुन्हा माझी सही.

मी चिडले. औषध चुकत नव्हतं, कोंबड्या चुकत होत्या. सकाळी मी स्वतः काट्यांतलं भगदाड बुजवावं, दुपारी पाहावं तर तेच भगदाड उघडं आणि डोणीभोवती गल्लीतल्या शेवंताबाईची तांबडी कोंबडी तिच्या सगळ्या गोतावळ्यासकट.

"काका, कोंबड्या अडवा."

"अडवतो की. पण नोटिशीबगैर कारवाई करता येत न्हाई."

आणि दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या प्रत्येक दारावर खळीनं समन्स चिकटवलेलं. शेवंताबाईच्या दारावरचं मी वाचलं : 'तांबडी कोंबडी, राहणार सदर घर, हिनं विनापरवाना आवारात शिरून पाणी पिल्याबाबत बुधवारी दिवेलागणीला जातीनं हजर राहून आपलं म्हणणं मांडावं. कसूर केल्यास एकतर्फी निकाल होईल.'

शेवंताबाई म्हणजे दहा एकरांची मालकीण, नवरा गुरांबरोबर छावणीत, तोंडाला फाटक नाही. बुधवारी ती तांबडीला काखोटीला मारूनच आली.

"ओ बेलीफ! माझ्या कोंबडीवर केस टाकता व्हय? तिनं काय दरोडा घातला?"

"तिनं म्हणणं मांडावं."

"ती अंडं घालती, म्हणणं न्हाई मांडत!"

"मग तिच्या वतीनं तुम्ही मांडा. आधी चहा घ्या."

चहा बिनदुधाचा, पण गूळ चांगला. शेवंताबाईनं तासभर म्हणणं मांडलं; त्यातलं तांबडीबद्दल दोन वाक्यं आणि बाकी सगळं सुनेबद्दल. रझियाबी आपल्या दोन पिवळ्या तलंगा, म्हणजे कोवळ्या कोंबड्या, पदराखाली घेऊन आली होती, तिनं सुनेची बाजू घेतली. मुन्सफसाहेब मधूनमधून गुळगुळत होते. बेलीफ उभे राहून दोघींचं ऐकत होते आणि कपात चहा ओतत होते. शेवटी त्यांनी वही उघडली आणि म्हणाले, "पुढची तारीख शुक्रवार."

शुक्रवारी सोमवार मिळाला. सोमवारी गुरुवार. आठ दिवसांत दिवेलागणीला गल्लीतल्या निम्म्या बायका बेलीफांच्या अंगणात, प्रत्येकीच्या काखेत आरोपी. आणि निकाल काही लागेना. ज्या कोंबड्यांना बाहेर ठेवायचं, त्या आता हातावर बसून आत येत होत्या. मी डोक्याला हात लावला. मला वाटलं, म्हातारपणी माणूस आपल्या नोकरीचाच खेळ मांडून बसतो, हा त्यातला प्रकार.

मग मुन्सफसाहेब बसले.

ते कधी बसत नसत. आता भिंतीकडे तोंड करून, मान पिसांत घालून बसले होते. शेजारी पिवळं पडलेलं. मी मुद्दाम शिंकले. दखल नाही.

बेलीफ काडेपेटी घेऊन उभे होते. ती बंद करायचं त्यांना सुचत नव्हतं. "बाई, काय द्यायचं? गोळी दिली तर गोळीचा पक्ष घेतला, असं होतं. कुडा दिला तर..."

"दोन्ही द्यायचं. आणि आत्ता द्यायचं. तटस्थ राहूनच आजारी पडलेत ते."

गोळी देऊन झाली, काढा देऊन झाला. मग मी भगदाड बुजवायला गेले. दुपारचं ऊन होतं, म्हणून असेल, मला ते पहिल्यांदा नीट दिसलं. भगदाड कुत्र्यानं पाडलेलं नव्हतं. शेळीनं तर नव्हेच. बाभळीची एक फांदी बुडाशी सफाईनं तासलेली होती आणि खुंटाला कोर्टाच्या दप्तराच्या लाल फितीनं बांधलेली. फीत बिजागरीसारखी फिरत होती. फांदी ढकलली की दार उघडं, ओढली की बंद. फितीची तशीच गाठ मी त्यांच्या पंचनाम्यांच्या प्रत्येक पुडक्यावर पाहत आले होते.

मी फांदी उघडी धरली आणि हाक मारली. "काका, इकडे या."

ते आले. फांदीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही.

"कोंबड्यांनी मारलं टर्कींना हे तुम्हाला डॉक्टरांनी सांगितलं होतं."

"हाव."

"म्हणजे चोपदार तुम्ही मारलेत."

"हाव. पंचनाम्यात लिहिलंय तसं."

ते आत गेले आणि कागद घेऊन आले. चोपदारांचा पंचनामा. मृत्यूचं कारण : 'बेलीफानं वाट जाणूनबुजून उघडी ठेवली.' खाली पंच म्हणून माझी सही. ठळक, स्वच्छ, तारखेसकट.

न वाचता सही केली की हे असं होतं. मी लोकांना कायम सांगत आले आहे.

"मग का ठेवलीत उघडी?"

त्यांनी कोटाची गुंडी लावली, काढली, पुन्हा लावली. "बाई, उभ्या नोकरीत लोकाच्या दारात लई गेलो. हजारो दारं. कुणी एकानं 'या' म्हणलं न्हाई. पाणी तर लांबच."

पाणी न विचारण्याचं कारण काही घरांत बेलीफकी होतं आणि काही घरांत दुसरं होतं. बाबासाहेबांचा फोटो ज्यांच्या भिंतीवर असतो त्यांना ते वेगळं सांगावं लागत नाही. कुठल्या घरात कुठलं कारण, याची चौकशी त्यांनी कधी केली नव्हती.

"ही तांबडी बिनसमन्स येती," ते म्हणाले. "दिवस मावळला की तिच्या मागं शेवंताबाई येती. 'ओ बेलीफ, आमची तांबडी आली का?' मग चार शब्द होतात. कोंबडीला अडवलं असतं, तर ती बाईबी अडली असती. चोपदार गेला तवा वाटलं, बंद करावं. समन्स काढलं. तर लोक जास्तच यायला लागले." ते थोडे हसले. "मग तारखा देत बसलो. मुन्सफसाहेबांचा नंबर लागंल हे ध्यानात आलं न्हाई."

मला रडण्याची सवय नाही आणि दुसऱ्याचं रडणं पाहायचीही नाही. मी विचारलं, "घरामागं जागा किती आहे?"

जागा होती. तिथं कधी कोंबडी फिरकली नव्हती. डॉक्टर म्हणाले होतेच की पुढची माती टर्कीला आता दीर्घकाळ बाद. मी चुन्याची फक्की मारून घेतली, डॉक्टरांनी दवाखान्यातली जुनी जाळी दिली, आणि उरलेला दरबार मागच्या अंगणात गेला. पुढचं अंगण, डोणीसकट, कोंबड्यांना सोडलं. फांदी कापून चुलीत घातली आणि तिथं सरळ फाटक केलं. मग गल्लीतल्या सगळ्या कोंबड्यांना जंताचं औषध पाजायचं ठरलं. शेवंताबाई म्हणाली, "औषध आम्हाला नको, आमच्या कोंबड्या धडधाकट हायत." बेलीफांनी कोट चढवला, फाटकात उभे राहिले आणि कोर्टात देत तसा खणखणीत पुकारा केला, "तांबडी कोंबडी हाजिर होऽऽ!" अर्ध्या तासात रांग लागली. शेवंताबाई पहिली होती.

मुन्सफसाहेबांना आम्ही पाच दिवस दोन्ही पक्षांचं औषध दिलं. पाचव्या दिवशी मी कुड्याची साल कुटत होते. भुकटी नाकात गेली आणि मला शिंक आली. मागच्या अंगणातून आवाज आला. बारीक, घोगरा, पण गुळगुळ.

"दखल घेतली!" बेलीफ ओरडले, आणि चक्क उखळाशेजारी खाली बसले.

बरं कशानं वाटलं, गोळीनं की कुड्यानं? हे गावात अजून विचारतात. बेलीफ सांगतात, निकाल राखून ठेवलाय. माझं मत कोणी विचारत नाही. जाळीनं.

इथं खरं तर संपायला हवं होतं. पण 'कुणी एकानं या म्हणलं न्हाई' हे त्यांचं वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. त्यांच्या समोर मी नऊ वर्षं राहत होते. टर्कीच्या तोंडात चमचा घातला होता, पंचनाम्यांवर सह्या केल्या होत्या, त्यांच्या अंगणात चहा प्याले होते. माझ्या दारी ते किती वेळा आले असतील. आणि मी दर वेळी दारातच, एक हात चौकटीला लावून, 'काय काका?' म्हणून विचारलं होतं. कुठलं कारण होतं ते मी स्वतःला विचारलं. कामाची घाई, असं उत्तर आलं. ते मला तितकंसं पटलं नाही.

मी एक कागद घेतला. दवाखान्याच्या शिक्क्याचा मोह आवरला. लिहिलं : 'वाघमारे बेलीफ यांस समन्स. उद्या सायंकाळी पाच वाजता समोरच्या घरात चहाला जातीनं हजर राहावं. कसूर केल्यास शेवंताबाईला पाठवण्यात येईल.' खळ घेतली, त्यांच्या दारावर चिकटवलं आणि झटकन परत आले. या वयात मी रस्ता पळत ओलांडला, हे गल्लीनं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी रझियाबीनं खबर आणली की बेलीफ समन्स हातात घेऊन ओट्यावर बसलेत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतायत. "जिंदगीभर बजावले बोलतात, मिळाला हा पहिला."

पाचला पाच कमी असताना मी आधण ठेवलं. पाचला कडी वाजली. तीनदा.

मी दार उघडलं. दारात कोणी नव्हतं. समोर नुसता रस्ता, आणि त्यांच्या फाटकातून आत चाललेली तांबडी. उजेडात एका काळ्या कोटाची बाही तेवढी भिंतीच्या कडेनं दिसत होती.

मी चौकटीवरचा हात काढला, बाजूला झाले आणि रिकाम्या दाराकडे पाहून म्हणाले, "या."